आझेच्या डोक्यावर माझी टोपी

सोमवार, ३ मार्च, बुद्धसंवत २५६८

फोटोतलं बाळ मी नाही म्हणे.

सकाळी सातला निघाले. रानं जाळल्याच्या धुरामुळे समोरचा डोंगर दिसत नव्हता, तालुक्याला पोचेपर्यंत डोळ्यांची आग आग. कचेरीत रत्तिकान मॅडम कैरी खात बसल्या होत्या, तिखट-मीठ लावून. पुढ्यात माझी फाईल. सतरा वर्षांपूर्वी सरकारची माणसं गावात मोजणीला आली तेव्हा त्यांनी प्रत्येक घरासमोर घरच्यांचा फोटो काढला होता. आमच्या फोटोत बाबा, आई, आपी म्हणजे माझी आजी, आणि आपीच्या कडेवर आमची नाण्यांची टोपी घातलेलं बाळ. मॅडमनी भिंग काढलं. एकदा फोटो बघायच्या, एकदा मला.

"तुझे कान सुपासारखे," म्हणाल्या. "याचे डोक्याला चिकटलेत. आणि याच्या हनुवटीला खळी आहे. तुझी कुठे गेली?"

मी म्हटलं, मोठेपणी भरली असेल.

"खळी म्हणजे काय रस्त्यातला खड्डा आहे? तोही इथे कोणी भरत नाही."

झालं. फाईल बाजूला. म्हणे ही भानगड काय ते सांगा, जन्माचे साक्षीदार आणा, मग बघू.

माझा जन्म याच गावात झाला एवढं ठरलं की मी इथली नागरिक. पण ठरवायचं कशावरून? आई सीमेपलीकडून लग्न होऊन आली, तिच्या रक्ताने काम भागत नाही. बाबा गेले. राहता राहिला तो फोटो, आणि त्यात दुसरंच कोणीतरी. चियांग माईच्या नर्सिंगला माझा नंबर लागलाय. पहिल्या दहांत! त्यांना ३० एप्रिलच्या आत नागरिकाचा क्रमांक हवा, नाहीतर जागा अकराव्या मुलीला. माझ्या कार्डावरचा क्रमांक शून्याने सुरू होतो. शून्यवाल्यांना प्रांताबाहेर लग्नाला जायचं तरी चिठ्ठी लागते.

रडले नाही. परतीच्या गाडीत शेजारच्या बाईची कोबीची पाटी मांडीवर होती, रडायला जागाच नव्हती.

४ मार्च

आपीला फोटोची झेरॉक्स दाखवली. ती ओसरीवर मोहरीचा पाला चिरत होती.

"हे कोण?"

"तू."

"कान बघ."

"लहानपणी सगळ्यांचे कान असेच."

"आणि खळी?"

"उजेडामुळे." मग सुरी खाली ठेवली आणि मलाच झापलं. "एवढ्याशा प्लॅस्टिकसाठी किती जिवाचा आटापिटा! तुझ्या आजोबांच्या बासष्ट पिढ्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. त्या कार्डावर किती मावतात? एक."

पण ती खोटं बोलतेय. खोटं बोलताना तिचा पाइप विझतो.

५ मार्च

आपी माझ्याशी बोलत नाही. कोंबड्यांशी बोलते.

७ मार्च

शेजारचा आझे गॅसची टाकी द्यायला आला. त्याची पिकअप आहे, गावाची कॉफी खाली नेतो आणि येताना गॅस, खत, शाळेची पोरं, जे असेल ते वर आणतो. टाकी उतरवताना कशावर तरी स्वतःच हसला. हनुवटीला ही एवढी खळी.

मी पुढे होऊन त्याच्या कानांकडे बघायला लागले.

"काय गं बुसो? पडलीस ना शेवटी माझ्या प्रेमात?"

"गप्प बस. मान वळव."

वळवली गाढवाने. कान डोक्याला चिकटलेले, गोंदाने लावल्यासारखे.

८ मार्च

आपीने कबूल केलं. मी टाकी, कान, खळी सगळं एका दमात सांगितलं तेव्हा तिने पाइप झाडला आणि म्हणाली, "बस खाली."

मी वर्षाची असताना तापाने फणफणले होते. आपी म्हणते माझा आत्मा खाली ओढ्याकडे निघून गेला होता. जाणत्याने कोंबडी कापून, हाका मारून त्याला परत आणला, मनगटाला दोरा बांधला आणि बजावलं की तीन दिवस पोरीने उंबरा ओलांडायचा नाही, नाहीतर तो पुन्हा सटकेल. दुसऱ्याच दिवशी सरकारी गाडी आली. गावप्रमुख ओरडत फिरतोय, सगळे घराबाहेर या, फोटोत नाही तो मोजला जाणार नाही!

"मग मी काय करायला हवं होतं?" आपी मलाच विचारते. "तुला बाहेर नेऊन मारायचं, की मोजायचं सोडून द्यायचं?"

म्हणून तिने शेजारच्या ओसरीवरून आझेला उचललं, माझी टोपी त्याच्या डोक्यावर दाबली आणि फोटोला उभी राहिली. त्याची आई आत भात निवडत होती, तिला नंतर कळलं. आमचा फोटो झाल्यावर टोपी काढली, पोरगं परत केलं, आणि मग त्यांच्या घराचा फोटो. पोरगं एक आणि घरं दोन.

मला आधी हसू आलं, मग राग आला, मग काय आलं ते कळेना. तिने मला वाचवण्यासाठीच केलं ना सगळं. आणि त्यापायीच मी कागदावर नाही.

म्हटलं, हेच मॅडमला सांग. तर म्हणाली, नाही सांगणार. "सरकारशी खोटं बोलले म्हणून मला नेतील, नेऊ देत. पण त्या पोराचं कार्ड काढून घेतलं तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कार्ड गेलं की आझेचा गाडीचा परवाना गेला. परवाना गेला की तो आणि त्याची आई काय खाणार?

९ मार्च

आझेला सांगितलं. आधी पिकअपच्या बॉनेटवर हात आपटून हसला. "म्हणजे मी तुझ्या घरात आधीपासूनच होतो." मग विचारलं, "टोपी कोणती? नाण्यांची? गोंडेवाली?" मग बॉनेटवरून हात काढला.

"परवाना जाईल का माझा?"

मला माहीत नाही असं म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. त्याने गाडी सुरू केली आणि गेला.

१४ मार्च

आझे फिरकलेला नाही. गॅस त्याच्या आईने पाठवला, दुसऱ्याच्या हाताने. त्याच्या जागी मी असते तर? मीही फिरकले नसते.

२१ मार्च

आला. म्हणे, कोणत्या दिवशी जायचंय ते सांग, कॉफीच्या खेपा त्याप्रमाणे लावतो. तोंड वाकडं करून म्हणाला, पण म्हणाला.

त्याची आईही येते आहे. ती माझ्या जन्माच्या वेळी घरात होती. आणि हे दोघं येणार म्हटल्यावर आपी मागे कशी राहील.

२८ मार्च

मॅडमनी ९ एप्रिल दिली. आपीने बोटांवर दिवस मोजले. नेमका वाघाचा दिवस! त्या दिवशी गावातलं कोणी कामासाठी वेशीबाहेर पडत नाही. मी हातापाया पडले. ती ढिम्म.

फोन केला. मॅडम म्हणाल्या, "आमच्या कॅलेंडरात वाघ नाही. त्या दिवशी बुधवार आहे."

मी म्हटलं, मॅडम, तुम्ही बुधवारी केस कापता? खाली शहरात बुधवारी केस कापणं अशुभ, न्हावीसुद्धा दुकान बंद ठेवतात.

पलीकडून कैरी चावल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "दहा तारीख. नऊ वाजता. उशीर करू नका."

१० एप्रिल

हात दुखेपर्यंत लिहिणार आहे आज.

आपी नटून आली होती, डोक्यावर पूर्ण चांदीचा साज. आझेच्या पिकअपमध्ये ती पुढे, मी आणि त्याची आई मागे कॉफीच्या पोत्यांवर. कचेरीत शिरलो तसे सगळे कारकून आपीकडेच बघायला लागले. मॅडमनी तिचं कार्ड मागितलं. आपीने कमरेच्या पिशवीतून काढून दिलं. शून्यवालंच.

"आजी, तुमचंही अजून असंच?"

"मला काय करायचंय खरं कार्ड? मी कुठे जाणार आहे!" आणि खुर्चीत मांडी घालून बसली.

आधी माझा जन्म. मॅडम टाईप करत होत्या.

"बाळ जन्मलं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. वाट बघितली."

"कशाची?"

"तीनदा रडण्याची. तीनदा रडल्याशिवाय मी बाळ उचलत नाही. पहिल्यांदा आत्मा मागतं, मग आशीर्वाद, मग आयुष्य. मागून घेऊ दे की निवांत."

"तोवर बाळ जमिनीवर?"

"मग काय झाडावर?"

आता आझेच्या आईने गप्प बसावं ना. तर म्हणाली, "चारदा रडली ही."

"तीनदा," आपी.

"आपी, मी दिवा धरून उभी होते. चारदा. चौथ्यांदा तर एवढ्या जोरात की डुक्कर उठलं."

"ते डुक्करच ओरडलं. तू मोजलंस."

माझं आयुष्य टांगणीला आणि या दोघी डुकरावरून भांडतायत. मॅडमनी दोघींना हाताने थांबवलं आणि टाईप केलं: तीन किंवा चार वेळा.

मग फोटो. आझे उभा राहिला. कॉलरवाला शर्ट, केसांना तेल. मॅडमनी झेरॉक्स त्याच्या कानाशी धरली. "टोपीमुळे नीट कळत नाही," म्हणाल्या. तर आपीने पिशवीतून टोपीच काढली. माझी टोपी, सतरा वर्षं जपलेली! एवढा दांडगा आझे, आणि डोक्याच्या शेंड्यावर वर्षाच्या पोरीची नाण्यांची टोपी, लाल गोंडा नाकावर. शिपाई चहा टाकून आत आला. पलीकडच्या जमीन खात्याची माणसं खिडकीत. एकाने मोबाइल काढला. आझे समोरच्या भिंतीकडे बघत होता, कान लालभडक. मॅडमनी त्या लाल कानाला पट्टी लावली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "डावा जुळतो. वळा."

मी एवढी हसले की नाकातून पाणी आलं. त्याने मला डोळ्यांनीच शिवी दिली.

मग मॅडमनी त्याच्या घराची फाईल मागवली आणि माझं हसू गेलं. दोन फोटो शेजारी शेजारी. त्यांच्या फोटोत टोपी नाही, पण पोरगं तेच, आणि दोन्हीकडे गालाला भाताचं एक शीत चिकटलेलं. तेच शीत, त्याच जागी. मॅडम बराच वेळ त्या शिताकडे बघत बसल्या.

"एकच मूल दोन घरांत दाखवलंत. हे खोटं कोणी केलं?"

आझेच्या आईने माझा हात धरला. आझे टोपी काढून पुढे सरकला, काहीतरी बोलणार होता. आपीने त्याला कोपराने मागे ढकललं.

"मी. उचललं मी, टोपी घातली मी. ते पोरगं वर्षाचं होतं, त्याने फक्त शीत खाल्लं. काय करायचं ते मला करा."

तेव्हा मला भीती वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. म्हटलं, नको ते नर्सिंग, उठून घरी जाऊ.

मॅडमनी कैरीची फोड मिठात बुडवली, खाल्ली, बोटं पुसली. मग टाईप करत मोठ्याने वाचलं: "छायाचित्राच्या वेळी सदर बालिका तापाने आजारी असल्याने घरात होती. शेजारचे बालक चुकून छायाचित्रात आले. शेजारच्या कुटुंबाची नोंद बरोबर आहे."

"चुकून नाही," आपी म्हणाली. "मी मुद्दाम..."

आम्ही तिघांनी मिळून तिला उचलून बाहेर आणलं.

१६ एप्रिल

थाई नववर्षाच्या, म्हणजे पाणी उडवायच्या सणाच्या, सुट्ट्या संपल्या म्हणून फोन केला. कारकून म्हणाला, पाणी खेळताना कोणीतरी खिडकीतून बादली मारली, काही फाईली वाळत घातल्यात. माझी? "तुमची पंख्याखाली आहे. शाई पसरलेली नाही. बहुतेक."

बहुतेक!

२२ एप्रिल

सगळं गाव आझेला टोपी म्हणतं. चहाच्या टपरीवरची पोरंसुद्धा. जमीन खात्यातला तो फोटो डोंगर चढून इथवर आला. माझ्यामुळे झालं म्हणून मी त्याची गाडी धुऊन दिली. तो वरून म्हणतो, टायर राहिले.

२९ एप्रिल

मिळालं!!

शून्य गेलं. फोटोत मी आहे, कान सुपासारखे, स्पष्ट. मॅडम म्हणाल्या, "सांभाळ. आणि इंजेक्शन द्यायला शिकलीस की आधी माझ्या वरच्या साहेबांना दे." त्यांच्याच फोनवरून कॉलेजला क्रमांक कळवला. एक दिवस आधी. अकराव्या मुलीची क्षमा मागते.

आई रडली. आझेने भोंगा वाजवत गावाला तीन फेऱ्या मारल्या. आपीने कार्ड उलटंपालटं केलं, दाताने चावून पाहिलं आणि म्हणाली, "फोटो वाईट आलाय."

२ मे

बॅग भरत होते. आपी दारात येऊन उभी राहिली, पाइप विझलेला. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "माझंही होईल का गं, तसलं कार्ड?"

मी ताबडतोब वही काढली. म्हटलं, होईल, का नाही होणार. फक्त साक्षीदार सांग. तुझा जन्म कोणी पाहिला?

"तीनदा रडले होते म्हणे," ती म्हणाली. "ऐकणारं आता कोणी उरलं नाही."