चव्वेचाळीस सुया

कल्याण,
गुरुवार, ता. १४ ऑक्टोबर १९५४,
सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे

तीर्थरूप विश्रामदादा यांस धाकट्या दामाजीचा नमस्कार.

माझ्या बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या पत्रात मी आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीने ‘सलाम’ लिहिला, आणि तू ते पत्र तसंच परत पाठवलंस. त्याला सतरा वर्षं झाली. आज नमस्कार लिहिला आहे, तेव्हा पुढचं वाच.

इकडे सर्व ठीक. सुमतीचं वजन परवा एकशे चार पौंड भरलं. फेब्रुवारीत एकोणऐंशी होतं. ताप नाही, खोकला नाही. काल मी नको नको म्हणत असताना तिने स्वतः पाणी भरलं. वहिनींची मेतकुटाची बरणी धुऊन ठेवली आहे.

कारखान्यात नवीन लेथ आलं. त्याचे नकाशे इंग्रजीत. साहेबालासुद्धा ते मीच समजावतो, शाळा चौथीपर्यंतची असून. पण हे तुला ठाऊक आहे. उगाच लिहीत बसलो.

गेल्या महिन्यात मी चर्चमध्ये साक्ष दिली. देवाने आपल्यासाठी काय केलं ते आमच्याकडे मंडळीसमोर उभं राहून सांगतात. मी तारीखवार सांगितलं: रक्त कधी पडलं, वजन किती उतरलं, मी किती पहाटे गुडघे टेकले. ‘केवळ प्रार्थनेने’ असे शब्द वापरले. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले.

चव्वेचाळीस सुया सांगितल्या नाहीत. दवाखान्यातली कंपाउंडरकी आटोपून, दिवसाआड ठाकुर्लीहून चालत येऊन त्या कोणी टोचल्या, तेही नाही.

परत येताना सुमतीने विचारलं, “भाऊजींचं नाव घ्यायला विसरलात का?”

“विसरलो नाही.”

मग घर येईपर्यंत ती चार पावलं पुढेच चालली.

दादा, पहिल्या दिवशी सुई उकळत ठेवून तू म्हणाला होतास, “काय रे, तुझ्या देवाला टोचता येत नाही वाटतं?” ते मला फार लागलं. चव्वेचाळीस खेपांत तू आमच्याकडे पाण्याचा घोट घेतला नाहीस, तेही लागलं. मी रोज मागत होतो, देवाने ऐकलं आणि तुला धाडलं. पण तेवढं उत्तर मला देवाच्या तोलाचं वाटेना. जणू त्याची लाज मी राखायची होती! लेथवर अर्ध्या सुताची चूक निघाली तर मी माल परत करतो, आणि इथे अख्खा भाऊ गाळला.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित लिहिलंही नसतं.

त्या रविवारी आमच्या कारखान्यातला काळुराम मागच्या बाकावर होता. त्याच्या बायकोला, चंद्रभागेला, सुमतीचंच दुखणं, क्षय. माझं ऐकून त्याने दुसऱ्या दिवसापासून तिच्या सुया बंद केल्या. मला हे मंगळवारी कळलं. तिला पुन्हा रक्त पडतं आहे. मुलगी हेमा चार वर्षांची.

काल त्याच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. तो हसला.

“मिस्त्री, माझा विश्वास तपासून बघताय होय?”

“अरे, खरंच सांगतोय. माझ्या भावाने सुया दिल्या.”

“मग चर्चमध्ये बोललात ते? तुम्ही, आणि देवासमोर खोटं? चला, चहा घ्या.”

आत ती खोकत होती. मी चहा घेतला नाही.

आज पहाटे प्रार्थनेला बसलो. ‘प्रभू, तू दिलेलं मी लपवलं,’ एवढंच कसंबसं निघालं. त्याच्यावर भरवसा ठेवा म्हणून लोकांना सांगणारा मी. आता चंद्रभागा वाचेल असा भरवसा माझ्याच मनाला बसत नाही.

सुयांच्या औषधाच्या रिकाम्या शिशा फेकून दे म्हणून मी सांगितलं होतं. सुमतीने त्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या. आज सकाळी तिने डबा माझ्यासमोर ठेवला. मोजल्या. चव्वेचाळीस भरल्या.

रविवारी चर्चमध्ये उभा राहून तुझं नाव घेणार आहे. पण चंद्रभागेला रविवारपर्यंत थांबवता येणार नाही, आणि काळुरामला माझा शब्द पुरत नाही. तुला बघितलं तर मानेल. निदान तिला सुई तरी टोचू देईल.

टपालाने हे तुला शनिवारी मिळालं असतं, म्हणून मीच घेऊन येत आहे. तोंडाने सांगायला लागलो तर पुन्हा काहीतरी गाळीन, म्हणून लिहिलं. पत्र वहिनींच्या हाती देईन. वाचून झालं की सुईची पेटी घेऊन बाहेर ये. शिव्या वाटेत दे.

डबा घेऊन तुझ्या अंगणात उभा असलेला,
दामाजी