पुढचं शीड आणि दादाची दोरी

३ मार्च, सकाळ.
दादा गेल्यापासून त्याची शिडाची बोट मीच सांभाळतो. वहिनींना ती विकायची आहे. रविवारी एकदा नीट फिरवून आणा, मग बघू, म्हणाल्या. म्हणजे बोट राहिलीच समजा. संकल्प: बोटीवर एकट्याने घाबरायचं नाही. भूतबित काही नसतं.

४ मार्च.
डोलकाठीवर दिवसभर टकटक. ती जादा हॅलयार्ड, शीड वर चढवायची सुटी दोरी. गेल्या वर्षी दादा हिलाच लटकून दुरुस्तीला वर चढला आणि तिथेच त्याचं हृदय बंद पडलं. वारा नसला तरी वाजते. दोरी ओढून बोटीच्या पुढच्या टोकाला बांधून टाकली. टकटक बंद. डोकं लागतं.

५ मार्च.
फर्लर अडला. दोरी खेचली की पुढचं शीड तारेभोवती गुंडाळतं, तो हा फर्लर. अर्ध्यावर हटून बसतो. परवापर्यंत लोण्यासारखा चालायचा. हलका माल, दुसरं काय. ग्रीस घातलं. पँटलाच जास्त लागलं.

६ मार्च.
शेजारचा बोटवाला म्हणाला, आधी वर बघा. कसा बघू? डोळ्यांवर ऊन येतं, मान धरली आहे. शिवाय यंत्र खाली, तर बिघाडही खालीच. आजपासून फुकटचे सल्ले बंद.

७ मार्च.
विंच, म्हणजे दोरी ताणायचं हातचक्र, लावून ओढलं. वरून करकर. दादा चिडला की असेच दात खायचा. केबिनमध्ये जाऊन बसलो. घाबरून नव्हे, जरा विश्रांती. बायको म्हणते, जाणकाराला बोलवा. भावाच्या बोटीला परका हात कशाला?

८ मार्च, रविवार.
शीड झकास उघडलं. वहिनी सोबत आल्या होत्या, किती दिवसांनी हसल्या. मग वारा वाढला आणि ते गुंडाळेचना. बोट एका अंगावर कलली. मी फर्लरला शिव्या घालत होतो. वहिनींनी मान वर केली. म्हणाल्या, भाऊजी, ह्यांची दोरी शिडाच्या टोकाबरोबर गुंडाळली जातेय, पुढे कोणी बांधली? त्यांनीच पुढे जाऊन ती सोडली, डोलकाठीपाशी आणून बांधली. शीड मुकाट्याने मिटलं.

मी म्हटलं, चला, बिघाड सापडला, आता बोट ठेवायला हरकत नाही. वहिनी म्हणाल्या, हे गेल्यापासून तुम्ही एकदाही वर बघितलेलं नाही. मी धक्क्यावर येऊन रोज बघते. मला ते अजून तिथेच दिसतात. मला आता बघायचं नाहीये, भाऊजी.

मला रडू आलं. विक्रीची जाहिरात मीच लिहितो म्हटलं. तासभर बसलोय. ‘शीड उत्तम चालतं’, एवढंच सुचलंय.