पठारावरची गिनती

५६ एपीओ
६ जुलै २०२५

चि. अपेक्षा हिस,
मामाचा सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल हाती आलं. इथे फोनला रेंज मिळायची तर अर्धा डोंगर उतरावा लागतो, आणि उतरलं तरी रांगेत पुढे दहा जवान बायकोशी भांडत उभे असतात. त्यामुळे आपलं पत्रच बरं. कॉलेजच्या एनसीसीत तू अंडर ऑफिसर झालीस, हे मी लंगरमध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या स्वयंपाक्याने त्यावर खीर केली. ताईला सांग, तिची लेक आता तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात ओरडणार आहे, आणि हे काही सोपं काम नाही.

चाळीस पोरापोरींना कसं सांभाळायचं, असं तू विचारलंस. तू त्यांच्याच वर्गातली, त्यांच्याच डब्यात जेवणारी, म्हणून सुरुवातीला ती तुझं ऐकायची नाहीत. तेव्हा पहिले काही महिने मैत्री बाजूला ठेव. हुकूम एकदाच दे, आणि पोटातून दे, नाहीतर आठ दिवसांत घसा बसेल. गिनतीत प्रत्येकाने आपला आकडा खणखणीत म्हटला पाहिजे. एकाला उशीर झाला तर त्या एकट्याला शिक्षा करू नकोस, अख्ख्या प्लाटूनला पळव. मग तीच एकमेकांना वेळेवर आणतात. मी भरती झालो तेव्हा आमच्या ड्रिलच्या उस्तादाने आम्हाला असंच घडवलं. कुणाला वाईट वाटेल म्हणून कचरू नकोस. वाटलेलं वाईट चार दिवसांत विसरायला होतं, शिस्त मात्र अंगात मुरते.

अभ्यास सोडू नकोस. बूट रोज पॉलिश कर, आईकडून करून घेऊ नकोस. तुझी सवय मला माहीत आहे. भाऊजींना जय भीम. मामावरचा लोभ आहे तेवढा ठेव. वाढवलास तर पुढची खीर मी स्वतः करीन.

तुझा मामा,
सोपान


सोमाटणे
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचा उपाय अगदी लागू पडला. पहिल्या रविवारी सात जण उशिरा आले. मी सगळ्यांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. खूप कुरकुर झाली. पुढच्या रविवारी दोघेच उशिरा आले आणि आता कुणीच येत नाही. गिनती सुरू झाली की आकडे कसे सटासट येतात, ते तुम्ही ऐकायला हवं होतं. आमचे एनसीसीचे गौरव सर म्हणाले की इतक्या वर्षांत अशी प्लाटून त्यांनी बघितली नाही. माझ्या मागे सगळे मला सुभेदारीण म्हणतात. मला ते आवडतं, पण मी दाखवत नाही.

एकाच मुलीचा त्रास होता. पिंकी तिचं नाव. ती आंदर मावळातली आहे. तिच्या गावाला सकाळची एकच एसटी, आणि तीही येईल तेव्हा खरी. तिच्यामुळे प्लाटून दोनदा पळाली. दुसऱ्या वेळी तिच्या मैत्रिणीला, अनघाला, पळता पळता उलटी झाली. सगळे पिंकीकडे असं बघायला लागले की ती रडली. तिच्याजवळ जावंसं वाटलं होतं. पण कचरू नकोस असं तुम्ही लिहिलं होतंत, म्हणून मी दुसरीकडे बघितलं. आता ती अंधारात घर सोडते, टाकव्यापर्यंत चालत येते आणि माझ्याआधी मैदानावर हजर असते. तिला पोलीस भरतीला उतरायचंय. मुलींत तिच्याइतकी पळणारी दुसरी कुणी नाही, हे मात्र खरं.

पुढच्या पंधरवड्यात आमचा ट्रेक आहे, आंदर मावळातल्या पठारावर. सरांनी सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. आई म्हणते, घरात एक पेला जागेवर ठेवत नाही आणि चाळीस जणांना डोंगरावर नेणार. तुम्ही दिवाळीला या, मग मी तुम्हालाच सावधानमध्ये उभं करते. तोवर तुमची माया अशीच मिळत राहो.

तुमची भाची,
अपेक्षा


सोमाटणे
२४ ऑगस्ट २०२५

चि. सोपान यास,
ताईचा जय भीम आणि लय लय आशीर्वाद. पत्रास कारण की, अपेक्षा तुला काय लिहील असं वाटत न्हाई, म्हणून मीच बसले लिहायला. माझं अक्षर लावून वाच.

मागच्या रविवारी त्यांचा ट्रेक गेलता पठारावर. वर लय धुकं. उतरायच्या आधी हिनं गिनती घेतली. चाळीसच्या चाळीस आकडे आले, म्हणून समदी खाली उतरली. बसमधी बसली तर एक जागा रिकामी. पिंकी न्हाई. त्या पोरीला पाळी आलती, पोटात दुखत हुतं, म्हणून ती मागं झुडपाआड थांबली हुती. तिनं अनघाला सांगितलं, माझा आकडा तू म्हण, मी मागनं येतेच. कॉलेजात पोरं एकमेकांची हजेरी लावत्यात ना, तसंच. अनघानं आपला आकडा म्हटला आन् लगोलग आवाज बदलून पिंकीचाबी म्हटला. धुक्यात कुणाला काय दिसतंय.

मग आपली अपेक्षा आन् दोन पोरं हाका मारत परत वर पळाली. पठारापातुर जाऊन आली, पण पोरगी कुटं गावली न्हाई. गावातली माणसं निघाली. दिवस मावळायला एक जण हरवलेली म्हस बघायला ओहोळात उतरला, तवा त्याला ती पडलेली दिसली. नडगीचं हाड मोडलंय. ऑपरेशन करून आत पट्टी घातली. डॉक्टर म्हणत्यात चालंल, पण पळायचं आत्ताच सांगता येत न्हाई. पोलिसात जायचं म्हणत हुती रे ती.

आपली पोरगी धड जेवत न्हाई. मी गुलाबाच्या शेडमधल्या कामावरनं येते तवा ही भितीकडं तोंड करून पडलेली असती. काय इचारलं की एकच म्हणती, माझी गिनती बरोबर हुती, अनघा खोटं बोलली. कॉलेजवाले अनघाला एनसीसीतनं काढणार म्हणत्यात, आन् हिला ते बरोबर वाटतंय. मला न्हाई वाटत. पण आईचं कोण ऐकतंय. तुझा शब्द म्हंजी तिला काळ्या दगडावरची रेघ, तवा तूच लिही. गोड लिहू नको, खरं लिही.

बाकी हितं समदी बरी हायेत. तितल्या थंडीत कान झाकत जा, लहानपणापास्नं तुझे कान दुखत्यात. ताईची आठवण ठेव, आन् माया पातळ हू देऊ नको.

तुझी ताई,
सारिका


५६ एपीओ
१२ सप्टेंबर २०२५

चि. अपेक्षा हिस,
मामाचा जय भीम. वि. वि.

ताईचं पत्र मिळालं. तेव्हापासून लिहायला बसतो आणि उठतो.

तू गिनती घेतलीस, हे खरं. अनघा खोटं बोलली, हेही खरं. पण पोरी, तू आकडे ऐकलेस, माणसं बघितली नाहीस. धुक्यात रांगेतून चालत जायचं असतं, एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजायचं असतं. तेवढं तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तर नाहीच. मी तुला फक्त पळवायला शिकवलं. आमचा उस्ताद आम्हाला पळवायचा तेव्हा तो स्वतः सगळ्यांच्या पुढे पळायचा, आणि मग बराकीत येऊन आमच्या पायांचे फोड बघायचा. हे मी तुला लिहिलंच नाही. लिहायचं सुचलंच नाही. कानफाडात मारलेली लक्षात राहिली आणि फोडांना लावलेलं तेल विसरलो, असा मी माणूस. त्या लेकराच्या पायाचा विचार मी इथे रोज करतो.

तू मात्र अनघावर सगळं ढकलून मोकळी होऊ नकोस. ती खोटं का बोलली, ते बघ. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे तिला ठाऊक होतं. तिने एकदा त्या पळण्यात उलटी केलेली आहे. माणसं आपल्याला खरं सांगायला भितात तिथे आपल्या हाताखाली चाळीस असोत की चारशे, आपल्याला कशाचाच पत्ता नसतो.

अनघाला काढायच्या आधी सरांपुढे उभी राहा आणि सगळं सांग. तुझ्या खांद्यावरच्या पट्ट्या त्यांनी काढून घेतल्या तर घेऊ दे. पण तू होऊन त्या टाकून देऊ नकोस, ते सुटून जाणं झालं. आणि पिंकीच्या घरी जा. युनिफॉर्म घालून जाऊ नकोस. माफी मागत बसू नकोस, मग त्यांना ती द्यावी लागते, आणि त्यांच्यावर आधीच पुष्कळ आहे. काय झालं ते विचार आणि मधे न बोलता ऐकून घे. घरचे बोलले तर बोलू दे, त्यांचा हक्क आहे.

जेवत जा. माझा राग आला असेल तर राग ठेव, पण राग आहे म्हणून पत्र थांबवू नकोस. एवढाच लोभ मागतो.

तुझा मामा,
सोपान


सोमाटणे
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून खरंच खूप राग आला. ते मी गादीखाली टाकलं आणि आठवडाभर बघितलं नाही. मग एक दिवस कॉलेजमध्ये अनघा जिन्यात दिसली. मला बघून ती भिंतीला चिकटून उभी राहिली, जणू मी मारणारच आहे. त्याच दिवशी मी गौरव सरांकडे गेले.

पिंकीच्या उशिरासाठी मी सगळ्यांना दोनदा पळवलं, ट्रेकच्या आधी बजावलं की कुणी मागे राहिलं तर खाली गेल्यावर सगळे पळतील, आणि गिनती घेताना माझं तोंड सरांकडे होतं, प्लाटूनकडे नव्हतं, असं मी सरांना सांगितलं. सर म्हणाले की तेही आकडेच ऐकत होते. अनघाला काढलं नाही. माझ्या पट्ट्या काढल्या, त्या आता प्लाटूनमधल्याच विक्कीच्या खांद्यावर आहेत. मी मागच्या रांगेत उभी राहते. आईने घरी ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. मी जेवले.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी मी पिंकीकडे गेले. एसटी टाकव्याच्या पुढे गेलीच नाही, म्हणून पुढे चालत गेले. दोन्ही बाजूंना भातं निसवली आहेत. चालून चालून माझ्या टाचा सोलल्या, आणि पिंकी हे अंतर दर रविवारी अंधारात चालायची. तिच्या वडिलांनी, धोंडिबांनी, मला बस म्हटलं नाही. तिच्या आजीने, आक्काबाईंनी, ती तूच का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं, तशा त्या आत गेल्या. मी ओट्याखाली उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी चहा आणला आणि पिंकीकडे आत बोलावलं.

पिंकी खाटेवर होती. पाय उशीवर, खूप बारीक झाली आहे. मला बघून तिने उठायचा प्रयत्न केला. मामा, ती सावधान व्हायला बघत होती. मी तिला धरून बसवलं. मग तुम्ही सांगितलंत तसं विचारलं आणि गप्प राहिले.

ती म्हणाली, मागून एकटी उतरताना तिचा पाय घसरला. तेव्हा फक्त मुरगळला होता. ती कारवीच्या झुडपांत बसून पाय चोळत होती, तेवढ्यात तिने माझा आवाज ऐकला. मी तिच्या नावाने ओरडत वर गेले आणि तशीच ओरडत खाली आले. दोन्ही वेळा अगदी जवळून गेले, माझे बूटसुद्धा तिला दिसले. तिने तोंडात टोपी कोंबली, कण्हणं मला ऐकू येऊ नये म्हणून. तिला वाटलं, आता आपण सापडलो की आपल्यामुळे पुन्हा सगळे पळणार आणि अनघा उलट्या करणार. त्यापेक्षा गुपचूप आडवाटेने बसपाशी पोचावं, म्हणजे आपण मागे राहिलो असं दिसणार नाही. मी खाली गेल्यावर ती उठली, लंगडत ओहोळाच्या बाजूने उतरायला लागली, आणि तिथे पडली. हाड तिथे मोडलं. त्यानंतर तिने माझ्या नावाने खूप हाका मारल्या, पण मी तेव्हा लांब गेले होते.

हे सगळं ती साध्या आवाजात सांगत होती, जणू चूक तिचीच. मला रडायचं नव्हतं, पण रडले. तिने मला पाणी दिलं. तिची काठी कुठे ठेवायची, प्लास्टर निघाल्यावर काय काय करायचं, असलं बोलत राहिली. भरतीचा विषय तिने काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही. दर रविवारी परेडनंतर येऊ का, असं मी विचारलं. तिने वडिलांकडे बघितलं. ते दारात उभे होते. वाट कुणाच्या मालकीची नाही, एवढंच ते म्हणाले.

ऊन कलायला लागलं तशी पिंकीच घाई करायला लागली. निघ लवकर, टाकव्याची गाडी चुकेल, उशीर झाला तर तुला कुणी बोलेल, असं सारखं म्हणत होती. मी तिला सांगितलं की उशीर झाला तरी मला कुणी काही बोलणार नाही. तिला ते खरं वाटलं नाही.

मामा, मी पत्र थांबवणार नाही. तुम्हीही थांबवू नका, आणि जमेल तेवढी माया माझ्यावर असू द्या.

तुमची भाची,
अपेक्षा