सुनंदाची पेटी आणि बारा व्होल्ट

सोमवार, ६ जानेवारी
सकाळी लाइट तीनदा गेली-आली आणि सुनंदाची पेटी बंद पडली. पेटी हा तिचाच शब्द. दोन हार्डडिस्कचा, घरातल्या नेटवर्कवरून फाइली साठवायचा डबा, टीव्हीखाली ठेवलेला. अ‍ॅडाप्टरला जळका वास. क्लासवरून येताना गंजगोलाईच्या बाजारातून नवीन आणला. तोच बारा व्होल्ट, पिनही तीच. निळा दिवा लागला, हायसं वाटलं. तिला जाऊन चौदा महिने झाले. तिनं चालू करून ठेवलेली घरातली ही शेवटची वस्तू.

बुधवार, ८
मोबाइलवर पेटीचा इशारा : व्होल्टेज कमी. दुपारपर्यंत चार वेळा.
पुण्याहून मनूचा फोन. "बाबा, आईचं सगळं दुसरीकडं उतरवून घेतलंय ना?" म्हटलं, दोन डिस्क आहेत, एकीतलं दुसरीत जसंच्या तसं जातं, आणखी काय पाहिजे? "दोन्ही एकाच वायरवर आहेत, बाबा." लेक शिकली की बापाची शाळा घेते.
सु.ची केमिस्ट्रीची लेक्चर्स क्लासकडेही आहेत, त्यांचं काही नाही. जीव अडकलाय तो एका फाइलीत. नाव 'मनूसाठी'. शेवटच्या उन्हाळ्यात दार लावून घेऊन तिनं चाळीस मिनिटं बोलून ठेवलंय. त्र्याण्णवच्या भूकंपाआधीचं गाव, तिची अव्वा म्हणजे आई, आप्पा. दोघंही त्या पहाटे गेले. घरातला एक फोटोसुद्धा हाती लागला नाही. सु. तेव्हा उदगीरला मावशीकडे शिकत होती, म्हणून वाचली. मनू म्हणते, लग्नाच्या आधी ऐकीन. मी तर तिकडे फिरकतच नाही.
रविवारी उतरवू.

गुरुवार, ९
लॅबमधला मल्टीमीटर घरी आणला. पिन पेटीतून काढली, मोजलं. १२.१. चोख! म्हणजे अ‍ॅडाप्टर ठीक, पेटीच खोटं बोलते. तिचा सेन्सर गेला असणार. इशारे बंद करून टाकले. कटकट मिटली. मनूला आकडा कळवला, जरा तोऱ्यातच.

रविवार, १२
पेटीतून टक... टक. थांबते, पुन्हा टक. पुन्हा मोजलं, पुन्हा १२.१. टेस्ट सिरीजचे पेपर तपासायचे होते, उतरवायचं राहिलं. खरं तर पेपरांचं निमित्त.

सोमवार, १३
पेटी उचलून गौसभाईंकडे नेली. रेडिओपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं त्यांच्याकडेच, सु. त्यांना मामू म्हणायची.
"मोजलं कसं सर?"
"पिन काढून."
मग म्हणाले, "बिनबोज्याचं कुनीबी ताठ चालतंय. लोड टाकून मोजा की."
त्यांनीच वायर सोलली, पेटी चालू ठेवूनच मीटर लावला. १०.३. डिस्क फिरायला लागली तसा नऊच्या खाली. "वरून बारा छापलंय, आत मालच न्हाई. आठ दिस उपाशी चालून राहिली बिचारी."
बावीस वर्षं मी हेच शिकवतो. सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स, लोड लावला की व्होल्टेज पडतं. चुकणाऱ्या पोराला अख्ख्या बॅचसमोर उभं करतो. आणि घरी पिन हवेत धरून १२.१ वाचून खूश झालो. वर पेटीलाच खोटं ठरवलं, तिचं तोंड बंद केलं. सु. असती तर "काय हो फिजिक्सवाले" म्हणून हसली असती. मला हसू येत नाही. स्वतःची लाज वाटते.

मंगळवार, १४, संक्रांत
गौसभाईंनी दिलेला अ‍ॅडाप्टर लावला. लोड टाकून ११.९. इशारे चालू केले, एकही आला नाही. पण पहिली डिस्क पेटीला दिसतच नाही. दुसरी चालते, तीही कण्हत.
लॅपटॉपवर उतरवायला घेतलं. ती एक फाइल आधी निवडायची, एवढंच डोकं चालवायचं होतं. त्या नावावर बोट ठेवायचा धीर झाला नाही. सगळंच एकदम लावून दिलं. 'मनूसाठी' यादीत तळाशी. सत्तर टक्क्यांवर थांबलं. पेटी पुन्हा चालू होते, पण आता दुसरी डिस्कही...
सु.ची सगळी लेक्चर्स आली. जी क्लासकडे होतीच ती.

बुधवार, १५
तिळगूळ द्यायला शेजारचे आले. दार उघडलं नाही. मनूला खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "येते मी."

शुक्रवार, १७
मनू आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिला घेऊन गौसभाईंकडे गेलो. ते म्हणाले, "हितं अजून एक डाव चालू करून बघता येईल. लागली तर लागली, न्हाई तर हाय ते बी जाईल. हैदराबादला डिस्क उघडून बघनारे हायेत. पन जबान तेबी देत न्हाईत."
मनू म्हणाली, "तुम्ही ठरवा बाबा." मला ठरवता येत नाही. बरोबर मोजता आलं नाही त्या माणसानं काय ठरवायचं?
जेवताना तिनं विचारलं, "आईची अव्वा दिसायला कशी होती? आई तुम्हाला बोलली असेल ना कधी."
"उंच होती," मी म्हणालो. "आणि हसरी."
मनूनं मान डोलावली. तिला बरं वाटलं असावं. मला यातलं काहीच माहीत नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात मी सुनंदाला हे कधी विचारलंच नाही.