खरवडलेला बाण

१० फेब्रुवारी

लेकीचा फोन. फॉर्म पाठवला आहे, विसरणाऱ्या माणसांच्या निवासाचा. "आई, एक खोली रिकामी झालीये. अगं, तू एकटी बाबांना किती पुरणार?" म्हटलं, आधी आमची वाट होऊ दे. मग बघू.

टेकडीवरच्या देवळाला पायी जाणाऱ्यांसाठी ही वाट सव्वीस वर्षं दरसाल आम्ही दोघंच रंगवतो. एकवीस किलोमीटर, एका दिवसात. दगडांवरचे जुने बाण खरवडायचे मी, नवे काढायचे ह्यांनी. जन्मभर जमिनी मोजल्या, तेव्हा दिशा त्यांचीच!

११ फेब्रुवारी

ब्रश सापडेना. फ्रीजमध्ये निघाला. पुसून पिशवीत ठेवला.

१२ फेब्रुवारी

पहाटे पाचला निघालो. रस्त्याला चिटपाखरू नाही. ह्यांचा हात तोच — तीन फटकारे की बाण तयार. वर टोमणेही! "तुझं खरवडणं म्हणजे वर्गातला फळा पुसणं. धूळ सगळी माझ्या नाकात!" हसले मी. दोन तास वाटत राहिलं, ह्यांना काही झालेलंच नाही. डॉक्टर चुकले असतील.

मग विहिरीपाशी पाण्याची बाटली पुढे करत अदबीने म्हणाले, "घ्या बाई. तुमच्यासोबत कोणी नाही का?"

पाणी प्यायले. काय करणार?

चौदाव्या किलोमीटरला दुफाटा. सरळ गेलं की ओढ्यावरचा पूल, पुढे टेकडी. डावीकडे नुसता काटेरी बांध. बुटातला खडा काढून वर बघते तर बाण डावीकडे!

"अहो, सरळ!"

"डावीकडे."

"का पण?"

ओठ हलले. शब्द येईना. कपाळावर मूठ मारून घेतली त्यांनी. "डावीकडे गं. डावीकडेच."

सव्वीस वर्षं जाते आहे मी त्या पुलावरून! ओला बाण खरवडला. ब्रश हिसकावला आणि सरळ बाण मी काढला. आयुष्यातला पहिला. वाकडा आला.

हे दगडावर बसले ते उठेचनात. रागावले, समजावलं, शेवटी काखेत हात घालून ओढलं. मुलांचे वर्ग गप्प बसवले मी, एक माणूस उठवता येईना. तासाभराने दूधवाल्याचा टेम्पो आला, त्यातून घरी. वाट अर्धवट सोडली — पहिल्यांदाच.

१३ फेब्रुवारी

"वाट पुरी झाली ना गं?" तीनदा विचारलं. तिन्ही वेळा हो म्हटलं.

१५ फेब्रुवारी

फॉर्म भरला. प्रश्न सातवा : ओळखीच्या वाटेवर चुकतात का? उदाहरण द्या.

लिहिलं : हो. स्वतःच आखलेल्या वाटेवर, दुफाट्याला. बाण चुकीचा काढला. समजावूनही ऐकलं नाही.

बाकीच्या प्रश्नांना पेन अडखळलं होतं. इथे नाही. सही केली. लगेच टपालात टाकला, नाहीतर राहिला असता.

२ मार्च

सोडून आले. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून एक झाड दिसतं. ह्यांनी पावलांनी खोली मोजली. "अकरा बाय नऊ. झालं. चल, निघू या."

म्हटलं, तुम्ही बसा, मी आलेच.

३ मार्च

दोन कप चहा टाकला. दोन्ही मीच प्यायले.

५ मार्च

देवळाच्या राखणदाराचा फोन. "बाई, दुफाट्याला ओढ्याकडे बाण कुणी काढला हो? दोघी म्हाताऱ्या गुडघाभर चिखलातून परत फिरल्या. पूल कुठाय तिथे? पावसात वाहून गेला की! साहेबांना तेव्हाच कळवलं होतं मी. म्हणाले, यंदा डावीकडून वळवतो. आणि बाण तरी कसला, वाकडातिकडा! साहेबांचा हात वाटत नाही."

म्हटलं, नाही. माझा आहे.