यंत्र कोणाचं

गुंद, ४ जानेवारी १९१३

मोडलं! बेळगावाहून आणलेलं हिरडा फोडायचं लोखंडी धूड चार दिवसांत दात गाळून बसलं. लाथ घातली. अंगठा सुजला माझाच.

अख्खा हिरडा गाडीत भरला की निम्मी गाडी बियांचीच. इथेच फोडून नुसता गर पाठवला तर लोंढ्याच्या स्टेशनापर्यंत दोन गाड्यांचं ओझं एका गाडीत जातं. बेळगावात बसलेल्या शेठला हे सुचणार नाही. त्याने कुठे रानातून गाडी हाकलीय?

११ जानेवारी

शेठचं पत्र. नवं दातांचं चाक यायला दीड महिना! इथे साधा खिळा हवा तरी माणूस नंदिगड्ड्याला पिटाळावा लागतो. संतापात गाडीवानाच्या थोबाडीत दिली. त्याचा काही दोष नव्हता.

उमाजी हिरडा गोळा करतो, सुतारकीही जाणतो. म्हणाला, "लोखंड कशापायी, सावकार? व्हाळाचं पानी हाय न्हवं." मी हसलो.

२ फेब्रुवारी

चाललं. ओढ्यावर उमाजीने बांधलेलं लाकडी चाक, त्याला उसाच्या चरकासारख्या दोन सागवानी लाटा. हिरडा मधून गेला की गर सुटतो, बी अख्खं खाली पडतं. खिळासुद्धा नाही कुठे! दुपारी उमाजीचीच बोटं लाटांत सापडली. चाक जागच्या जागी थांबलं. नुसतं खरचटलं. "पान्याला जोर बेताचा हाय," म्हणाला. "मानूस आला की थांबतंय."

मला आनंद व्हायला हवा होता. जळलो. बेळगावच्या कारखान्यात सहा वर्षं घासली मी, आणि सुचलं ह्याला!

लोंढा, १८ फेब्रुवारी

परवा गुंदला वाईट झालं.

शेठला यंत्र बेळगावात हवंय, तेलाच्या इंजिनावर; गाड्यांचं ओझं गेलं खड्ड्यात. उमाजीला म्हटलं, चल, बांधून दे. "थितं व्हाळ कुठला? इंजिनाला जोडू नगा, सावकार. त्ये थांबायचं न्हाई." मग म्हटलं, लाटा तरी दे. "न्हाई. माझं काम हाय त्ये." शांतपणे म्हणाला, त्यानेच माझं टाळकं फिरलं. पहार हातात होती. त्याच्या उजव्या हातावर घातली. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला.

त्याची बायको रुक्मा कोयता घेऊन धावली. माझ्या खांद्यावर वार बसला. मी तिला ढकललं, लाटा उपसल्या, गाडीत टाकल्या. माझा राग लवकर उतरतो म्हणतात. उतरला, पण लोंढा आल्यावर.

बेळगाव, ३ मार्च

इंजिनावर सुरू केलं. इथे काय, सकाळी पट्टा तुटला तर दुपारी नवा! एका दिवसात गुंदच्या आठवड्याचा माल. शेठने हार घातला. दारावर माझ्या नावाची पाटी लागली: यंत्राचे कर्ते – दत्तात्रय. कोणी तरी म्हणालं, "असली डोकी शहरातच तयार होतात." मी मान डोलावली. लाज वाटली, पण हार काढला नाही.

९ मार्च

खांद्याची जखम चिघळलीय. शेठ म्हणतो, लाटा आणखी जोरात फिरवा. फिरवल्या.

२१ मार्च

नागू गेला. लाटांत हिरडे सोडायचं काम त्याचं. बोटं सापडली, मग मनगट. तो ओरडत होता आणि इंजिन चालूच. पट्टा काढायला मी धावलो, तोवर हात खांद्यापर्यंत आत गेला होता. डॉक्टर यायच्या आधीच संपला. चोवीस वर्षांचा.

कामगारांनी मला फाटकाशी गाठलं. लाथा, दगड. दोन दात पडले. नागूची आई इंदुबाई चप्पल घेऊन मारत होती आणि मी तिचा हात धरला नाही. उमाजीने सांगितलं होतं. स्वच्छ सांगितलं होतं.

शेठ म्हणतो, फौजदार उद्या येतोय, ज्याने यंत्र केलं तो आत जाईल. "पाटीवर नाव तुमचंच आहे, दत्तोपंत."

२२ मार्च

फौजदाराने विचारलं, यंत्र कोणी बनवलं? उमाजीने, म्हणालो. मुक्काम गुंद. एक शब्दही खोटा नाही. सही केली. दोन शिपाई संध्याकाळच्या गाडीने लोंढ्याला निघाले.