बशी की कढई

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, जुळ्यांना एकेक धपाटा. आम्ही तिघं ठीक आहोत. भिंगरीचा पुढचा दात पडला, त्या फटीतून ती दिवसभर शिट्टी वाजवते आणि शेजारच्या आजोबांना वाटतं कुकर झाला. हिच्या शिवणाच्या दुकानात नवीन यंत्र आलंय, त्यामुळे आठवडाभर घरात दुसरा विषय नाही.

सहलीची तुझी दोन्ही माहितीपत्रकं पोचली. फोनवर मी नुसता 'हं हं' करतो म्हणून लिहून कळवायची शिक्षा दिलीस, तर घे. भावोजींनी बारसं मात्र झकास केलंय. पहिलं बेट बशी, दुसरं कढई. बशीला चहूकडून प्रवाळाची भिंत, आत पाणी सपाट, पन्नास पावलं चाललं तरी कमरेएवढंच. कढईत नुसत्या लाटा. माड दोन्हीकडे सारखेच वाकलेत. बहुतेक फोटोवाला एकच असावा.

तू लिहिलंस, 'पाण्यातला माणूस तू, म्हणून निवड तुझी. तू बरोबर असलास की पोरांना पाण्यात सोडून आम्ही खुशाल आडवे होणार. वीस तारखेच्या आत सांग.'

ताई, मला दोन्ही चालतील. दगडापेक्षा वीट मऊ म्हणावं, तर तेवढाही फरक मला दिसत नाही. तूच ठरवून टाक ना.

तब्येतीचं विचारलं होतंस. घड्याळकाका आमच्या पोहण्याच्या तलावात वारले त्याला सात महिने झाले. चौकशी केव्हाच संपली, कोणावर ठपका नाही. मी हल्ली पाठ धरते म्हणून तिकिटाच्या खिडकीवर बसतो. बारा वर्षं उंच खुर्चीवरून गार्डगिरी केली, उंटावरून शेळ्या हाकल्या, आता जरा सावलीत. काळजी करू नकोस.

तुझा धाकटा


१३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. पानभर बोललीस, त्यातलं अर्धं मी कबूल करतो. 'तुला फुकटची सहल देतेय आणि तू तोंड पाडून बसलायस,' हे तर हिनेही परवा म्हटलं. हिला बशी हवी. 'पाणी शांत आहे आणि तू आहेसच की,' एवढंच तिचं म्हणणं. भिंगरीला कढई हवी, कारण जुळ्यांनी तिला सांगितलंय की लाटेवर उभं राहता येतं. दोघींनी दोन्ही पत्रकं फ्रिजवर चिकटवलीत आणि येता-जाता माझ्याकडे बघतात. मी पाण्याची बाटली काढतो आणि फ्रिज बंद करतो.

तुला खोटं सांगायचं नाही म्हणून सांगतो, माझी पाठ दुखत नाही. कधीच दुखत नव्हती. काका गेल्यापासून मी पाण्यात उतरलेलो नाही. साहेबांना पाठीचं सांगितलं, त्यांनी खिडकी दिली. हिलाही पाठच माहीत आहे. ती रोज संध्याकाळी शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी आणून देते आणि मी ती पाठीला लावून बसतो. नाटक अंगाशी येणं म्हणतात ते हेच असावं.

तुला वाटेल भीती बसली. भीती असती तर बरं झालं असतं. मला काही होतच नाही, ताई. रडू येत नाही, चिडत नाही. भाजीत मीठ विसरलं तरी मी ताट साफ करतो. मग ही एक घास खाऊन विचारते, 'अरे, सांगितलं का नाहीस?'

गेल्या रविवारी भिंगरीची पोहण्याची परीक्षा होती. मी काठावर उभा होतो, सुट्टीच्या कपड्यांत, बाकीच्या आईबापांसारखा. डोळे तिच्यावरच होते. मग माझ्या बुटांवर पाणी उडालं आणि बघतो तर ती काठ धरून हसतेय. 'बाबा, पूर्ण लांबी केली मी! मधे एकदा बुडले पण, पण परत वर आले. बघितलंस ना?'

मी म्हटलं, 'बघितलं की.'

मी काही बघितलं नव्हतं. डोळे उघडे होते आणि आत काही येत नव्हतं. ती किती वेळ पाण्यात होती, कधी बुडाली, मला माहीत नाही.

हे हिला सांगू नकोस. भावोजींनाही नको. बेटाचं दोन-चार दिवसांत कळवतो.

तुझा धाकटा


१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आज आडवळणं घेत नाही. नाहीतर पाकीट बंद करायच्या आधीच माझा विचार बदलेल.

काल दुपारी घड्याळकाकांच्या पत्नी खिडकीशी आल्या. काका घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणायचे हे तुला माहीत आहे. काकूंना मी लांबून पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. त्या माझे आभार मानायला आल्या होत्या. 'तुम्ही उडी मारलीत, बाहेर काढलंत, डॉक्टर येईपर्यंत छाती दाबत होतात. मला इतके दिवस यायचा धीर झाला नाही,' म्हणाल्या. मी त्यांना बसायला स्टूल दिलं. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'तुमची फार आठवण काढायचे. रोज घरी येऊन सांगायचे, तो गार्ड आज परत म्हणाला, काका, आजही तुम्ही पाण्यातच राहिलात!'

हे काय ते तुला कळायला आमची पद्धत सांगायला हवी. पाण्यात उतरताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा बिल्ला फळ्यावर अडकवायचा आणि बाहेर आल्यावर काढून खोक्यात टाकायचा. बॅच संपली की फळा रिकामा दिसला पाहिजे. एक बिल्ला जरी राहिला तरी आधी तळ बघायचा, मग दुसरं काम. हे मी नव्या गार्डांना शिकवायचो, घसा कोरडा पडेपर्यंत.

काका बिल्ला काढायला रोज विसरायचे. दुसऱ्यांची घड्याळं सेकंदावर आणून देणारा माणूस, पण सत्तावीस नंबर रोज लटकलेला. पहिले काही महिने मी दरवेळी तळ बघितला. मग काका कपडे बदलून बाहेर येताना दिसायचे आणि मी ती पाण्यात राहिल्याची थट्टा करायचो. मग कधीतरी मी तळ बघायचं सोडलं आणि बिल्ला तेवढा काढत राहिलो.

त्या दिवशी नऊला बॅच संपली. फळ्यावर सत्तावीस होता. मी काढला, खोक्यात टाकला, हजेरी भरायला बसलो. उन्हामुळे पाणी चकाकत होतं, खोल बाजूचं काही दिसत नव्हतं. खरं म्हणजे मी बघितलंच नाही, तर दिसत होतं की नव्हतं हे मी कशावरून सांगू. पुढच्या बॅचची एक बाई ओरडली तेव्हा नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय पाण्यातच थांबलं असणार. त्या सहा मिनिटांनी फरक पडला असता की नाही, कोणीच सांगू शकत नाही. चौकशीत मला विचारलं, बॅच संपल्यावर फळा रिकामा होता का? मी म्हटलं, होता. खोटं बोललो नाही, ताई. मीच रिकामा केला होता. पुढे कोणी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मला काही वाटेनासं झालं.

काकूंना मी काल यातलं काहीच सांगितलं नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला. संध्याकाळी घरी आलो, पाठ शेकायची पिशवी आली, ती घेतली नाही. हिला समोर बसवून सगळं सांगितलं. तिने पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, 'रविवारी भिंगरी पाण्यात होती तेव्हा तू बघत होतास का?' आधी काकांचं नाही, नोकरीचं नाही, तिने हेच विचारलं. मी नाही म्हटलं. ती उठून भिंगरीच्या खोलीत गेली आणि तिच्याशेजारी अभ्यासाला बसली.

उद्या सकाळी काकूंकडे जाणार आहे. तिथून साहेबांकडे, तेच लिहून द्यायला. नोकरी बहुतेक राहणार नाही. काकू दार लावून घेतील किंवा आणखी काही बोलतील, त्याची मला कल्पना करता येत नाही. पण जायचं आहे एवढं नक्की.

आता बेटाचं. पत्रकांच्या मागची बारीक अक्षरं आज पहिल्यांदा वाचली. बशीवर लिहिलंय, पाणी उथळ असल्यामुळे जीवरक्षक नेमलेले नाहीत. कढईवर चार उंच खुर्च्या आहेत, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा माणूस बसलेला असतो, दर दोन तासांनी बदलतो. शांत पाणी बघून सगळे निर्धास्त होतात आणि तिथे कोणीच बसलेलं नसतं. तेव्हा कढईच ठरव. पोरांना खुर्चीसमोरच उतरव, त्यांनी रोवलेल्या झेंड्यांच्या मधेच.

मी येईन, ही येऊ देईल तर. पण मला पाण्यातला माणूस म्हणून नेऊ नकोस. पोरं लाटेत असतील तेव्हा 'तो बघतोय ना' असं म्हणून आडवी होऊ नकोस, ताई. मी बघेन. पण तूही बघ.

तुझा भाऊ